काळ्यातला उजेड कुणी खरवडला

"ह्या रेघा आधी नव्हत्या," साठ्ये म्हणाले.

चित्र टेबलावर होतं. नवी फ्रेम, नवी काच, आत नवा माउंट. सगळं माझ्या हातचं. साठ्ये वाकून बघत होते. बोट काचेपासून अर्धा इंच वर धरून दाखवत होते. "ही बघा. ही दुसरी. सात-आठ आहेत, काका. पांढऱ्या, तिरक्या. ब्लेडनं ओढल्यासारख्या."

मी चष्मा पुसून बघितलं. रेघा होत्या.

शेवट चांगला झाला हे आधीच सांगून टाकतो. मला गोष्ट ताणता येत नाही. पण त्या दुपारी शेवट मला ठाऊक नव्हता आणि मी घाबरलो होतो. कारण त्या टेबलावर ब्लेड एकच माणूस वापरतो. तो मी.

आता मी कोण ते सांगतो. शिक्षण सहावी नापास. तेराव्या वर्षी सोलापूरला एका शिळाप्रेसमध्ये लागलो. शिळाप्रेस म्हणजे दगडावरून छपाई. आम्ही बिडीची लेबलं छापायचो. पुढं दगड गेले, ऑफसेट मशीन आलं, मी मशीनवर गेलो. मग मशीन ऑपरेटर म्हणून सिंगापूरला आलो. पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झालो, नागरिक झालो, रिटायर झालो. बेडोकला फ्लॅट आहे. घरी बसवेना म्हणून जवळच लिम मॅडमच्या फ्रेमिंगच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आठवड्याला चार दिवस. लिम मॅडम पन्नाशीच्या, चिनी, कमी बोलणाऱ्या. मला अंकल म्हणतात. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालतं, ते मी इथं मराठीत लिहितोय.

बायको शालन आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचा हात थरथरतो. काम बंद करा आता." त्याचं ऑफिस लांब पश्चिमेला, वन-नॉर्थला, घरही तिकडंच. रविवारी येतो, मला चहा पिताना बघतो आणि हे म्हणतो. चहाचा कप धरताना हात थरथरतो, खरं आहे. ब्लेड धरला की थांबतो. निदान माझी तशी समजूत होती. आठवड्याचे ते चार दिवस मला समजतात. उरलेले तीन दिवस मी कसे काढतो ते विचारू नका.

तर साठ्ये. रॅफल्स प्लेसला एका बँकेत रिस्क बघतात. म्हणजे शंका घेण्याचाच पगार. माणूस मूळ पुण्याचा, सभ्य, आवाज चढवत नाही. त्यानं जास्त भीती वाटते. त्यांनी चार वर्षांपूर्वी हे चित्र विकत घेतलं होतं. शंभर वर्षांहून जुनी लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, फ्रेंच चित्रकाराचं. काळ्या रंगाशिवाय दुसरा रंग नाही. एक खोली आहे, अंधारी. मधोमध एक बाई उभी. तिचा एक गाल आणि कपाळ तेवढं उजळलेलं. डाव्या बाजूला अर्धवट उघडं दार, आणि दारातही काळोखच. बाईची सावली जमिनीवर लांब पडलेली.

चित्र द्यायला आले त्या दिवशी साठ्ये कौतुकानं म्हणाले होते, "काका, गंमत बघा. उजेड कुठून येतो ते कळतच नाही. दिवा नाही, खिडकी नाही. उजेडाला उगमच नाही. ह्याला सिम्बॉलिझम म्हणतात. दिसतं ते नाही काढायचं, मनात जे असतं ते काढायचं."

मी म्हटलं, "बरं. माउंट पांढरा की क्रीम?"

मला त्यातलं कळत नाही. मला दगड कळतो.

काम साधं होतं. जुनी फ्रेम कीड लागलेली. ती उघडायची. चित्राच्या पाठीला जुन्या चिकटपट्ट्या होत्या, त्या ब्लेडनं अलगद उचलायच्या. नवा माउंट कापायचा. माउंट म्हणजे चित्राभोवतीची पांढऱ्या जाड पुठ्ठ्याची चौकट. तिच्यामुळं काच चित्राला चिकटत नाही. मग चमक न मारणारी नवी काच टाकायची आणि पाठ बंद करायची. असं मी शेकड्यांनी केलंय. शनिवारी साठ्ये ते चित्र मित्राच्या गॅलरीत महिनाभर लावायला देणार होते. नुसतं घेऊन जायला आले होते.

"मला एवढंच लिहून द्या," साठ्ये लिम मॅडमना म्हणाले, "की हे नुकसान इथं झालं. बाकी इन्शुरन्स बघेल. मला भांडायचं नाही."

लिम मॅडमनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं.

"अंकल, तुम्ही केलं नाही ना?"

मी एप्रनला हात पुसत राहिलो.

"नाही म्हणा. मी त्यांना तेच सांगते. तुमचा शब्द मला पुरे आहे."

"मॅडम, मला आठवत नाही."

त्या बघत राहिल्या. पण खरं तेच होतं. पट्ट्या उचलल्या तो दिवस शालनच्या मासिक तिथीचा होता. सकाळी फोटोला गंध, फूल केलं. एमआरटी स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला, वर्कशॉपला आलो, एप्रन घातला. त्यापुढं दुपारी चहाच्या वेळेला मॅडमनी हाक मारली तेवढं आठवतं. मधले तीन तास कोरे. काम झालेलं होतं. कसं झालं, मला सांगता येत नव्हतं. चित्र पालथं करताना ब्लेड हातातच राहिला असेल, चुकून खालून पुढची बाजू घासली असेल. नाही कशावरून?

"फोटो काढला होता ना चित्र आलं तेव्हा?" मी विचारलं.

मॅडमनी फोन दाखवला. काचेवरून काढलेला फोटो. वरची ट्यूबलाइट काचेत बरोब्बर दारावर उमटलेली. चित्राची दुसरी प्रत नेटवर सापडते का तेही त्यांनी बघितलं. सापडली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. मोठी केली की नुसते चौकोन दिसत होते.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "अंकल, सरळ सांगते. तसं लिहून दिलं तर मग मला तुमच्या हातात ब्लेड देता येणार नाही. इन्शुरन्सवाले विचारतात, कोणी केलं, अजून तोच करतो का. तुम्ही काचा पुसा, पॅकिंग करा. पगार तोच."

त्या वाईट बाई नाहीत. हे त्यांना बोलायला जड गेलं. पण मला ते कसं लागलं सांगू? साठ वर्षं हातानं खाल्लं आणि आता हात काढून ठेवा म्हणाल्या.

"एक तास द्या," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर फ्रेम उघडतो. माझी चूक असेल तर मीच सही करीन."

बाहेर आलो. "साठ्येसाहेब, चहा घ्या आणि बसा. मी हे उघडतो, तुम्ही बघा. माझ्या हातावरनं नजर काढू नका."

"काका, माझा तुमच्यावर राग नाही."

"राग असता तर बरं होतं. बसा."

फ्रेम पालथी केली, पाठ उघडली, चित्र माउंटसकट बाहेर काढून मऊ कागदावर ठेवलं. काच नसताना रेघा आणखी स्वच्छ दिसल्या. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघून खाली जमिनीकडं जाणाऱ्या. केसासारख्या बारीक. 

आणि मग एक गोष्ट खटकली. रेघा डावीकडून वरून उजवीकडं खाली येत होत्या.

"साठ्येसाहेब, तुम्ही उजव्या हाताचे ना? हे पेन घ्या. ह्या कागदावर भराभर दहा तिरक्या रेघा ओढा. विचार न करता."

त्यांनी ओढल्या. सगळ्या वर उजवीकडं, खाली डावीकडं. उजव्या हाताचा माणूस सहज ओढतो ती रेघ अशीच पडते. मनगट तसंच वळतं.

"आता चित्रातल्या बघा. उलट्या आहेत."

त्यांनी बघितलं. मी त्यांचा कागद उचलून खिडकीच्या काचेवर पालथा लावला. आरपार दिसल्या. आता चित्रातल्यासारख्याच.

मग मी त्यांना दगड समजावून सांगितला. ते चार वर्षं त्या चित्राचे मालक, पण ते कसं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चुनखडीचा सपाट दगड असतो. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढतात. मग डिंक आणि ॲसिड मारतात. दगड ओला केला की जिथं खडू नाही तिथं पाणी बसतं. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई तेलाला धरते, पाण्याला धरत नाही. वर कागद ठेवून दाबायचा. कागदावर सगळं उलटं येतं, आरशातल्यासारखं. म्हणून आम्ही दगडावर अक्षरं उलटी लिहायला शिकायचो. मी शाळेत सुलटी नीट शिकलो नाही, पण उलटी अजून झोपेत लिहीन.

"आणि पांढरं कसं आणायचं?" मी विचारलं.

"पांढरा रंग?"

"दगडावर पांढरा रंग नसतो साहेब. आधी सगळं काळं करायचं. मग सुईनं, ब्लेडनं काळं खरवडायचं. जिथं खरवडलं तिथं कागद कोरा राहतो. तोच उजेड. तुमच्या बाईचा गाल बघा."

भिंग दिलं. गालावरही तशाच बारीक रेघा होत्या, दाट, त्याच तिरक्या. साठ्ये बराच वेळ बघत होते.

"म्हणजे ह्या त्यानं स्वतः..."

"उजव्या हातानं. दगडावर."

ते सरळ झाले. मला वाटलं सुटलो. पण माणूस रिस्कचा. म्हणाले, "काका, पण कागद तुमच्यासमोर आडवा असता तर? तुमच्याही रेघा अशाच पडल्या असत्या."

मला तो प्रश्न आवडला नाही, पण प्रश्न बरोबर होता. मी स्वतः असतो तर विचारला असता.

"मॅडम, लाइट बंद करा," मी म्हटलं. "पडदाही ओढा."

वर्कशॉपमध्ये अंधार झाला. मी ड्रॉवरमधली टॉर्च काढली आणि चित्राच्या कडेला, टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. ही आमची जुनी रीत. दगड घासून सपाट झाला का, हे वरून कळत नाही. दिवा कडेला धरायचा. खळगा असला तर सावली पडते. सावली लपत नाही.

"कागद ब्लेडनं कापला किंवा खरवडला की त्याचे तंतू उभे राहतात," मी सांगितलं. "डोळ्याला दिसत नाहीत, पण आडव्या उजेडात प्रत्येकाची सावली पडते. रेघेच्या एका कडेला काळी धार दिसते. दगडावर खरवडलेलं असेल तर कागद तिथं नुसता कोरा असतो. सपाट. सावली शून्य."

आधी मी रद्दीच्या छापील कागदावर ब्लेडनं एक रेघ ओढून दाखवली. टॉर्चमध्ये ती शेतातल्या बांधासारखी उठून आली. मॅडमही वाकल्या. मग टॉर्च चित्राकडं वळवली. खरं सांगतो, त्या वेळी हात थरथरला. टॉर्चचा उजेड भिंतीवर हलत होता. साठ्येंनी माझ्या मनगटाखाली आपला हात दिला. 

पहिली रेघ सपाट. दुसरी सपाट. तिसरी, चौथी. मी टॉर्च चारी बाजूंनी फिरवली. आठच्या आठ सपाट. कागद झोपलेल्या पाण्यासारखा होता.

मी टॉर्च खाली ठेवली आणि स्टुलावर बसलो. मॅडमनी लाइट लावला नाही एवढ्यात. बरं केलं.

"पण मग मला चार वर्षं दिसल्या कशा नाहीत?" साठ्येंनी विचारलं. आता आवाजात शंका नव्हती, नुसता प्रश्न होता.

ह्याचं उत्तर माझ्या टेबलाखाली होतं. छापखान्याची सवय आहे. पार्टी माल घेऊन खूश होऊन जाईपर्यंत आम्ही पहिला खराब कागदही टाकत नसू. त्यामुळं मी जुनी काच, जुना पुठ्ठा सगळं महिनाभर ठेवतो. मॅडम त्यावर कटकट करतात. मी पडदा बाजूला केला, साठ्येंची जुनी काच काढली, जपून चित्रावर धरली. हिरवट काच, आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा धुरकट थर.

रेघा गायब झाल्या. दारात पुन्हा काळोख.

काच उचलली. रेघा परत आल्या. दाराच्या वरून निघून, आत, जमिनीवर, बाईच्या पायापर्यंत. ते ओरखडे नव्हतेच. दारातून उजेड आत येत होता.

साठ्येंनी स्वतः एकदा काच ठेवून, उचलून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे उजेडाला उगम आहे."

"आहे. काच घाण होती."

"चार वर्षं मी पाहुण्यांना सांगत होतो, उगम नाही म्हणून." ते हसायला लागले. "बायको प्रत्येक वेळी म्हणायची, कशावरून? मी तिला म्हणायचो, तुला सिम्बॉलिझम कळत नाही."

"घरी जाऊन सांगा त्यांना."

"सांगावं लागेलच. तिला बघितल्याबरोबर दिसेल."

मॅडमनी विचारलं काय झालं. मी इंग्रजीत सांगितलं. त्या इथल्या लकबीत म्हणाल्या, "वाइफ ऑल्वेज करेक्ट, लाह," आणि लाइट लावला.

मी म्हटलं, "तुमचं गूढ अगदीच गेलं नाही, साहेब. उजेड दारातून येतो, मग सावली दाराच्या उलट बाजूला पडायला हवी. ही दाराकडंच पडलीय. ते का, मला माहीत नाही. त्यानं मुद्दाम केलं असेल."

साठ्येंनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्याच चेहऱ्यानं म्हणाले, "आणि हे काय?"

बोट माउंटच्या आतल्या कडेवर होतं. पिवळसर ठिपका. मसुराच्या डाळीएवढा.

मी टॉर्च आडवी धरली. ह्या ठिपक्याला सावली होती. वर उठलेला, सुकलेला. मी माउंट उचलून बाजूला घेतला. खाली चित्र स्वच्छ. ठिपका फक्त पुठ्ठ्यावर, चित्रापासून सुताएवढा लांब. नखानं थोडा खरवडला, नाकाला लावला.

चंदन.

शालनची सहाण आहे घरी. सोलापूरहून आणलेली, मधून झिजलेली. रोज सकाळी ती देवासाठी गंध उगाळायची. मी एकदा मदत करायला गेलो तर म्हणाली, "नको बाई. तुमच्या हातात दगड दिला तर बिडीचं लेबल छापाल." आता मीच उगाळतो आणि तिच्या फोटोला लावतो. कामावर हात साबणानं धुतो. हातमोजे घालत नाही, बोटांना कागद कळत नाही त्यात. पण नखाच्या आत राहिलेलं गंध साबणानं निघत नाही. त्या कोऱ्या तीन तासांत माझ्या हातून झालेली चूक ती एवढीच.

"हे माझं," मी म्हटलं. "गंध आहे. नखात राहिलं होतं. चित्राला लागलेलं नाही. पण चूक माझी."

साठ्येंनी माझ्याकडं बघितलं. ह्या देशात गंध म्हटल्यावर लगेच समजणारी पार्टी भेटणं कठीण. "घरी कुणी...?"

"बायको. आठ महिने झाले."

त्यांनी ठिपक्याकडं पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "काका, राहू द्या तो ठिपका. मला चालेल."

"तुम्हाला चालेल, मला चालणार नाही. ठिपका माझ्या घरचा आहे, तुमच्या चित्राचा नाही. अर्ध्या तासात नवा माउंट कापतो."

कापला. ब्लेड मॅडमनीच धार बघून, मूठ माझ्याकडं करून दिला. चारही कोपरे स्वच्छ निघाले. साठ्ये चित्र घेऊन गेले आणि शनिवारी ते गॅलरीत लागलं. मॅडमनी त्याच आठवड्यात नियम केला: चित्र आलं की काच काढून, लाइट बंद करून, पार्टीसमोर आडवी टॉर्च मारायची आणि मगच पावती द्यायची. माझ्या जुन्या काचांवर आता कुणी कटकट करत नाही. मी गंध सकाळी लावत नाही, संध्याकाळी घरी आल्यावर लावतो. तिला वेळ बदललेली चालत असावी. चालत नसती तर तिनं आतापर्यंत कळवलं असतं.

खराब माउंट टाकायचा नसतो, लहान करून वापरायचा असतो. तो मी घरी आणला, कापून बारीक केला आणि शालनच्या फोटोला बसवला. ठिपका खालच्या कोपऱ्यात ठेवला.

रविवारी मुलगा आला. चहा घेता घेता फोटोकडं बघून म्हणाला, "बाबा, नव्या माउंटवर डाग पडलाय."

"माहीत आहे," मी म्हटलं. "टॉर्च मारून बघितलाय."